तीनशे शहाऐंशी नावं

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२० नोव्हेंबर २०२५

दादा,

वर मायना नाही. लिहायला घेतला होता, दोनदा कागद फाडला. कागद काही फुकट येत नाहीत, म्हणून तसंच सुरू करते.

फोनवर मी आकडा काढला की तुझी रेंज जाते. मेसेज तू वाचतोस आणि उत्तर देत नाहीस. पत्र मी स्पीड पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे ते तुझ्या हातात पडल्याची नोंद तरी माझ्याकडे राहील.

तुझ्या लग्नातल्या आहेराची वही समोर घेऊन बसले आहे. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून ती मीच लिहिली होती. तीनशे शहाऐंशी नावं, एक लाख बहात्तर हजार चारशे रुपये. वही तू आमच्याकडे ठेवलीस आणि पैसे घेऊन गेलास.

चाकणला राहून विसरला असशील तर सांगते. आहेर ही भेट नसते. ज्यानं पाचशे दिले, त्याच्या घरी लग्न निघालं की आपण साडेपाचशे द्यायचे. त्या पैशांतून साठ हजार भरून आईच्या बचत गटाचं कर्ज मिटवायचं, असं ठरलं होतं. ते कर्जसुद्धा तुझ्या लग्नासाठीच काढलेलं. उरलेले पैसे बँकेत ठेवून त्यातून लोकांचे आहेर फेडायचे. तू पिशवी नेलीस आणि फ्लॅटचं बुकिंग केलंस. दीड वर्ष झालं.

आई-आबांना वाचता येत नाही. तू दहावीला शाळा सोडलीस. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. या महिन्यात मी पहिल्यांदा सगळं एका पानावर मांडलं. आबांचा चितेगावच्या कंपनीतल्या वॉचमनचा पगार साडेतेरा हजार, आईचे मेसमध्ये पोळ्या लाटायचे सहा, माझ्या ट्यूशनचे चार. एकूण साडेतेवीस. खोलीभाडं साडेपाच, किराणा तेवढाच. गॅस नऊशे, लाईट सातशे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून टँकरचे चारशे. आबांची शुगरची आणि बीपीची औषधं अकराशे, त्यांच्या गाडीचं पेट्रोल दीड हजार, रिचार्ज सहाशे. गटाचा हप्ता तीन हजार एकशे पन्नास. माझ्या नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी बावीस हजार, त्यासाठी सप्टेंबरपासून महिन्याला अडीच हजार बाजूला टाकते. राहतात सोळाशे पन्नास.

आणि डिसेंबर उजाडेपर्यंत वहीतली सात लग्नं आहेत. त्यांचे वाढवून होतात नऊ हजार सहाशे.

मग मी क्रम लावला. प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न लिहिला: दिले नाहीत तर काय होईल? भाडं नाही दिलं तर खोली जाईल. औषध नाही आणलं तर आबा पडतील. हप्ता चुकला तर गटातल्या नऊ बायका आपल्या पदरचे भरतील आणि आपल्या ओट्यावर येऊन बसतील. एकतीस जानेवारीपर्यंत फी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. आणि आहेर नाही दिला तर? लोक नाराज होतील, एवढंच. म्हणून आहेर सगळ्यांत खाली.

मला सगळे पैसे एकदम नकोत. महिन्याला आठ हजार पाठव. तुझा पगार मला माहीत आहे. आवाक्याबाहेरचं मी मागत नाही.

प्रेरणा


२७ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्र तुला सोमवारी मिळालं. तुझी सही मी पोस्टाच्या साइटवर पाहिली. सही करायला वेळ मिळाला, हे बरं झालं.

परवा फुलंब्रीला सखारामकाकांच्या मुलीचं लग्न होतं. सातांतलं पहिलं. काकांनी तुझ्या वेळी एकवीसशे दिले होते, म्हणजे आपल्याकडून बावीसशे जायला हवे होते. पाकीट नेहमीसारखं मीच भरलं. मी क्रमाप्रमाणे त्यात एकशे एक टाकले.

निघताना आबांनी विचारलं, "बराबर टाकलं ना?"

मी म्हणाले, "जमतंय तेवढं टाकलंय."

हे खोटं नव्हतं. पण त्यांना ते कळणार नाही अशा बेतानं बोलले होते, आणि ते मला माहीत होतं.

तिथे माईकवर काकांचा मेव्हणा होता. पाकीट फोडायचा, नाव पुकारायचा, आकडा सांगायचा. शेजारी एक जण वहीत लिहीत होता. आबांचं पाकीट आलं. "कडूबा भाऊ, संभाजीनगर..." म्हणाला आणि थांबला. पाकीट उलटं धरून त्यानं झटकलं. बोट घालून आत पाहिलं. मग म्हणाला, "एकशे एक रुपये."

मागून कुणीतरी बोललं, "शहरात गेल्यावर आकडेबी बारीक होतेत व्हय?"

दुसरा म्हणाला, "आरं, लेकीला नर्स करायलेत. एक इंजेक्शन फुकट टोचून घेऊ, फिटलं मग."

सगळी रांग हसली. सखारामकाका हसले नाहीत. ते मांडवाचा खांब हलवून पाहत होते, पक्का बसलाय की नाही ते. तो पक्काच होता.

आबा पंगतीला बसले. पानातलं सगळं संपवलं. वाढणाऱ्यानं "भाऊ, अजून थोडी बुंदी घ्या" म्हटल्यावर घेतली. शुगर असून घेतली. परतीच्या एसटीतून सिडकोला उतरल्यावर म्हणाले, "तुह्या कागदावर समदं हाय, पोरी. माह्या नावाला तेवढा रकाना नाय."

बाकीच्या सहा लग्नांना ते जाणार नाहीत. तोंड दाखवायला जागा नाही म्हणतात.

हे तुझं देणं होतं, दादा. ती पिशवी तुझ्याकडे आहे आणि पाकीट झटकलं गेलं आबांचं. तू पन्नास जणांसमोर असा कधी बसला आहेस का, ते मला कळव.

प्रेरणा


११ जानेवारी २०२६

दादा,

तू दीड महिना गप्प आहेस. इथं मात्र कुणी गप्प नाही.

आबांनी कंपनीच्या गेटवरच्या एका माणसाकडून वीस हजार उचलले. शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. मला न सांगता. सातही घरी ते एकेक करून जाऊन आले. सखारामकाकांना राहिलेले दोन हजार नव्व्याण्णव दिले, बाकी सहा घरी पूर्ण. उरलेले दहा हजार पाचशे एक त्यांनी फेब्रुवारीतल्या लग्नांसाठी पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. मी एकशे एक टाकून एकवीसशे वाचवायला गेले आणि घरात पाच टक्क्यांचं कर्ज आणून ठेवलं. कागदावर माझा क्रम बरोबर होता. लोक नाराज झाल्यावर आबा काय करतील, हे मी त्याच्यापुढे लिहिलंच नव्हतं.

काल गोजरबाई आत्या आली होती. चहा पुढे येईपर्यंत तिला धीर नव्हता.

"काय गं द्वारके, आपलंच किती दिवस देत बसती? तुह्या घरातून आहेर नुस्ता जायलाय, येतोय कुठं? पोरीचं उरकून टाक. तीच घरं आहेर घेऊन येतेत का नाय बघ!"

आई म्हणाली, "तिची परीक्षा हाय."

"परीक्षा काय पळून जाती? लासूर स्टेशनचं स्थळ हाय. आडतीचं दुकान, एकुलता एक. पंचवीस तारखेला येतो म्हणतेत. मे महिन्यात बार उडवून देऊ. दीड-दोन लाख कुठं जात नायत."

मी विचारलं, "आत्या, ते दीड-दोन लाख पुन्हा फेडणार कोण?"

"तवर तू सासरी असशील. तुला काय करायचंय?"

आबा 'नको' म्हणाले नाहीत. फीच्या साडेनऊ हजारांची सोय अजून झालेली नाही, आणि त्यांनी ते एकदाही विचारलेलं नाही. म्हणजे त्यांचं मन कुठे चाललंय ते मला दिसतंय. तुझ्या लग्नात आलेलं तू नेलंस, ते माझ्या लग्नात पुन्हा गोळा करायचं. तुझ्या फ्लॅटच्या खिडकीत उभं राहून विचार कर, की ती खिडकी कुणाच्या पैशाची आहे.

आता एक गोष्ट लिहिते. ती लिहिल्याशिवाय मला तुला बोलायचा हक्क नाही, आणि मला तर अजून खूप बोलायचं आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'तू पिशवी नेलीस.' तू नेली नाहीस. मी दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे देवाला गेले होते. तू म्हणालास, आज बुकिंगची शेवटची तारीख आहे, आबांना मी सांगतो, दिवाळीला परत करतो. मी दोनदा पैसे मोजले आणि पिशवी तुझ्या हातात दिली. आबांना तू सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. अकराव्या दिवशी आईनं पेटी उघडली आणि पिशवी दिसली नाही, तेव्हा तिची पहिली नजर वहिनीकडे गेली. ती वहिनीला काय काय बोलली, ते तू ऐकलंस. मी शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. तू वहिनीला घेऊन त्याच संध्याकाळी गेलास आणि परत आला नाहीस. आईला आजही वाटतं, पिशवी वहिनीनंच काढून तुला दिली.

त्या दिवसाबद्दल तू माझ्यावर रागावला असशील तर ते बरोबर आहे. पण त्यानं एक लाख बहात्तर हजार फिटत नाहीत.

प्रेरणा


१९ जानेवारी २०२६

दादा,

तर तू फोन केलास. मला नाही, आबांना. आबा फोन स्पीकरवर टाकून बोलतात, हे तुला आठवायला हवं होतं.

"प्रेरणाला सांगा पत्रं बंद कर म्हणून. इथं शेजाऱ्यांसमोर पोस्टमन सही मागतो." हे मी ऐकलं. "स्थळ चांगलंय, उरकून घ्या." हेही ऐकलं. आणि मग, "मी पन्नास हजार टाकतो लग्नाला. आहेर आला की परत करा."

मी भाजी चिरत होते. विळी आडवी करून बाजूला ठेवली.

आहेर आला की परत करा! माझ्या लग्नातल्या आहेरावर तू आम्हाला उसने देणार! ज्या माणसानं अख्खी पिशवी नेली, तो आता पुढच्या पिशवीतले पन्नास हजार आधीच स्वतःच्या नावावर लावून ठेवतो. मी अडीच वर्षं वॉर्डात लोकांच्या जखमा धुतल्या आहेत, मला कशाची किळस येत नाही. याची आली.

आणि माझ्या कबुलीबद्दल एक शब्द नाही. ती वाचून तुला 'आई, हिच्यावर उगाच आळ आला, हे प्रेरणालाही माहीत होतं' एवढंसुद्धा सांगता आलं नाही? मग ते मीच सांगितलं. काल आई पोळ्या लाटून मेसमधून आली, तेव्हा. तिनं मला मारलं नाही. पदरानं हाताचं पीठ पुसलं आणि म्हणाली, "सूनबाईला फोन लाव."

वहिनीनं फोन उचलला. आई म्हणाली, "बाई, म्या तुला चोर म्हणलं. माह्या पोटच्या दोघांनी तुला माह्यासमोर उभं केलं आन् म्या म्हणलं. चुकलं माह्यं."

वहिनी "बरं, आई" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. हे तिनं तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून लिहिते.

पोस्टमनची लाज वाटत असेल तर पैसे पाठव. पैसे आले तर पत्रं थांबतील.

प्रेरणा


३१ जानेवारी २०२६

दादा,

पंचवीस तारखेला लासूरचे लोक आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मामाला पोह्यांत मीठ जास्त लागलं, ते त्यांनी तीनदा सांगितलं. मग आत्या म्हणाली, पोरांना दोन शब्द बोलू द्या, आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं.

मुलाचं नाव विश्वजीत. टाकीला टेकून तो बराच वेळ नखं पाहत होता. मग म्हणाला, "खरं बोलू का? ताईच्या लग्नात लई पैसा गेला. पप्पा म्हणतेत, तुह्या लग्नात निघंल. तुम्ही काय वाईट वाटून घेऊ नका."

मी विचारलं, "तुमच्याकडे पण वही आहे?"

"हाय ना."

"किती नावं?"

"सातशे तरी असतील."

"मग तुम्ही जिंकलात. आमची चारशेसुद्धा नाहीत."

तो हसला. मीही हसले. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसत होते आणि तेही याच्यावर. त्याला अजून दोन वर्षं तरी लग्न करायचं नव्हतं. म्हणाला, "खाली गेल्यावर मी नाय म्हणतो. पोरानं नाय म्हणलं तर कुणाला काय वाटत नाय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

खाली आलो. त्याच्या वडिलांनी विचारलं, "काय मग?"

विश्वजीतनं वडिलांकडे पाहिलं, मग पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. म्हणाला, "पसंत आहे."

आत्यानं टाळी वाजवली. आईनं साखरेचा डबा उघडला. मला त्या मुलाचा इतका राग आला, की तुझाही क्षणभर मागे पडला. त्यानं काय घालवलं असतं? एक 'नाही'. तेवढंही त्याच्याकडे नव्हतं.

मी म्हणाले, "मला पसंत नाही."

आत्या म्हणाली, "पोरी, आत जा."

"आत जाईन. पण मला परीक्षा द्यायची आहे. आणि हे लग्न माझं नाहीच. हे दादाच्या वहीचं लग्न आहे."

मामा म्हणाले, "लई शिकलेली दिसती."

ते उठले. आत्यानं चप्पल घालताना आबांना सुनावलं, "घे, कर नर्स. म्हातारपणी तीच सुया टोचील तुला." आबा जागेवरून हलले नाहीत. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी वाट पाहिली. माझ्याकडे साडेबारा हजार होते, साडेनऊ कमी होते, आणि एकतीसला शनिवार, म्हणून शुक्रवारीच कॉलेजची फीची खिडकी बंद होणार होती. ट्यूशनच्या दोन पालकांकडे उसने मागितले. एकानं पगार झाल्यावर बघू म्हटलं, दुसऱ्यानं फोन उचलणंच बंद केलं.

बुधवारी आबा ड्यूटीवरून आले आणि वही माझ्यापुढे टाकली. "वाच."

"कुठून?"

"पहिल्यापासून. समदी नावं."

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला ते थांबवायचे. "ह्यो थांबतोय, माह्या संगं गुरं राखलेला हाय." "ह्याला मात्र द्यावाच लागंल, बायको दवाखान्यात पडलीय, ह्याच्या घरी लग्न नसलं तरी दे." "हा वारला. पोराला सांग, आमच्याकडं हाय म्हणावं." मी या सगळ्यांना एका रांगेत, सगळ्यांत शेवटी उभं केलं होतं. आबांनी माणूस पाहून क्रम लावला. शंभराच्या वर लोकांना त्यांनी 'एक वर्ष थांबा' असं स्वतः फोन करून सांगायचं ठरवलं. मी विचारलं, "लाज नाही वाटणार?" तर म्हणाले, "पाकीट झटकण्यापरीस बरं. तोंडानं सांगितलेलं माणूस ऐकून घेतंय." हे त्यांनी मला नोव्हेंबरमध्ये सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

काही नावांवर मात्र ते नुसती मान हलवायचे. तुझे मित्र, तुझ्या कंपनीतली मुलं, तुझ्या क्रिकेटच्या टीममधले. "ही माह्यी माणसं नायत. ऋतुराजची हायत." अशी एकाहत्तर निघाली.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या डब्यातले पैसे काढून माझ्यापुढच्या वहीवर ठेवले. दहा हजार पाचशे एक. फेब्रुवारीच्या लग्नांसाठी ठेवलेले.

"आधी फी भर."

"आणि लग्नं?"

"माह्यी मी बघतो. त्याची त्यो बघंल."

काल मी फी भरली. परीक्षेचा फॉर्म मिळाला. हजार रुपये व्याजाला गेले आणि डब्यात एक रुपया राहिला. आबांचं कर्ज अजून वीस हजारच आहे, गटाचा हप्ता आहे, आणि तुझ्यावरचा माझा राग आहे तिथेच आहे. फी भरली म्हणून तुझ्याकडचे एक लाख बहात्तर हजार चारशे कमी झालेले नाहीत. ते मी मागत राहीन.

एकाहत्तर नावांची यादी सोबत आहे. पत्ता, आकडा, कुणाच्या घरी कधी लग्न निघायची शक्यता आहे ते, सगळं लिहिलं आहे. मूळ वही इथेच राहील. आबांनी यादीतल्या बऱ्याच जणांना फोन लावून सांगितलं, की याच्यापुढचं पोरगं बघंल.

पहिलं लग्न आठ फेब्रुवारीला हर्सूलला आहे, शिवराजच्या बहिणीचं. त्यानं तुला अकराशे दिले होते. आबांनी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, पैशाचं ऱ्हाऊ द्या. ऋत्या येणार का, तेवढं सांगा."

आबा म्हणाले, "येईल."

मला विचारलं असतं, तर मी तसं म्हणाले नसते. पण बोलले आबा आहेत, आणि त्यांना पुन्हा एकदा मांडवात खोटं पडलेलं मला पाहायचं नाही.

प्रेरणा